हात न टेकता

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. जेवणाच्या टेबलाशी असते तसली नाही, आणि शाळेतली तर नाहीच नाही. मी केस कापायच्या दुकानातली खुर्ची. मला पाय एकच, तोही ओतीव लोखंडाचा आणि चांगला जाडजूड. हात मात्र दोन आहेत, लाकडी, टोकाशी गोल वळलेले. मानेमागे एक छोटी उशी आहे, ती वर-खाली होते. एके काळी मी भिंगरीसारखी फिरत असे. आता फिरत नाही. त्याचं कारण ओघात सांगेनच.

माझा पाय एका कारखान्यात ओतला गेला. हात एका सुतारानं घडवले. ते घासूनपुसून झाल्यावर त्यानं डोळे मिटले आणि आपला तळवा त्यांच्यावरून फिरवला. "कुणाच्या बोटात लाकडाची कूस जायला नको," असं तो स्वतःशीच पुटपुटला. मग गादी आली, गादीवर लाल रेक्झिन आलं आणि मी खुर्ची झाले.

ज्यांनी मला विकत घेतलं त्यांना सगळे 'वस्ताद' म्हणत. तेव्हा ते तरुण होते. हातगाडीवरून मला आणताना ते सबंध रस्ता माझ्या पाठीवर हात ठेवून चालत आले. दुकानात भल्यामोठ्या आरशासमोर त्यांनी मला उभं केलं, मागे जाऊन उभे राहिले आणि आरशात आम्हा दोघांकडे बघत म्हणाले, "जमतंय!"

गंमत म्हणजे वस्ताद माझ्यावर कधीच बसले नाहीत. दुपारी दुकान रिकामं असलं तरीही नाही. कोपऱ्यातल्या बाकावर टेकून ते डबा खात आणि लगेच उठत. बसायचं गिऱ्हाईकानं, उभं राहायचं कारागिरानं, हा त्यांचा नेम होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते माझ्याभोवती फिरत. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, मध्येच गुडघ्यात वाकून मिशीची दोन्ही टोकं सारखी आली का ते बघत. हातात कात्री नसली तरी त्यांची बोटं हवेत कचकच करत असत.

आणि प्रत्येक येणाऱ्याला त्यांचा पहिला शब्द असे, "बसा."

मित्रांनो, हा शब्द किती साधा आहे नाही? पण वस्ताद तो असा म्हणत की दारातल्या माणसाचे खांदेच खाली येत. बँकेतल्या साहेबाला जो 'बसा', तोच पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला. काही माणसं तर अशी होती की त्यांना दिवसभरात दुसरं कुणी बसायला सांगत नसे. ती माझ्या गादीवर हळूच टेकत, जणू माझं काही बिघडेल. मग डोळे मिटत. मला ती माणसं फार आवडत.

तुमच्यासारखी छोटी मुलंही येत. ती माझ्यात बुडून जात म्हणून वस्ताद माझ्या दोन हातांवर एक फळी आडवी टाकत आणि मुलाला तिच्यावर बसवत. कितीतरी मुलं त्या फळीवर बसून भोकाड पसरत. "रडू नको रे, मी केस कापतोय, नाक नाही," असं वस्ताद म्हणत. थोड्या वर्षांनी तीच मुलं फळीशिवाय बसू लागत, मग दाढी करून घेऊ लागत, आणि मग आपल्या मुलाला घेऊन येत.

असे दिवस गेले. किती गेले ते मला सांगता येणार नाही, पण माझं लाल रेक्झिन विटकरी झालं एवढं खरं.

बदल पहिल्यांदा मला जाणवला. वस्ताद पूर्वी माझ्यापासून हातभर अंतर ठेवून उभे राहत. आता ते पोट माझ्या पाठीला टेकवू लागले. पोटही वाढलं होतं. डोक्यावरचे केस कापताना हात उंच धरला की ते मध्येच थांबत आणि कात्री उजेडात धरून धार बघत. गिऱ्हाईकाला वाटे, केवढा चोखंदळ माणूस! मला ठाऊक होतं की त्यांना धाप लागली आहे.

डॉक्टरांकडे जाणं झालं. रक्तात साखर निघाली, बीपी निघालं, छातीच्या रक्तवाहिन्या थोड्या चोंदल्या आहेत असंही निघालं. गोळ्या सुरू झाल्या. "वजन कमी करा आणि दगदग कमी करा," असं डॉक्टरांनी सांगितलं. वस्तादांनी दुकान दुसऱ्या कारागिराला दिलं. त्यानं बटण दाबलं की वर जाणाऱ्या नव्या खुर्च्या आणल्या. मग आरसा आणि मी, आम्ही दोघं वस्तादांच्या घरी आलो. पुढच्या खोलीत, खिडकीजवळ.

त्या दिवशी वस्ताद पहिल्यांदा माझ्यावर बसले.

बराच वेळ ते आरशात बघत राहिले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? ह्याच्या मागे कुणीच नाही."

"कुणाच्या?" आजीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, स्वयंपाकघरातून विचारलं.

"ह्या आरशातल्या म्हाताऱ्याच्या."

आजी ओले हात पदराला पुसत आली आणि माझ्या मागे उभी राहिली. "आले. झालं समाधान? आता कापू का केस?"

"तू? कान ठेवशील ना जागेवर?"

दोघं हसली. पण आजी आत गेल्यावरही वस्ताद तिथेच बघत होते, माझ्या पाठीमागच्या रिकाम्या जागेकडे. तिथे उभं राहण्याची त्यांना केवढी ओढ होती, ते त्यांच्या बोटांवरून मला कळत होतं. माझ्या हातांवर ठेवलेली ती बोटं हळूहळू कचकच करत होती.

घरात त्यांच्यावर सगळ्यांचा फार जीव. आजी होतीच. लेक होती. जावई बोटीवर नोकरीला, म्हणून लेक आपल्या लहानगीला घेऊन इथेच राहायची. लहानगीचं लाडाचं नाव ठमाबाई. वस्तादांनी जरा हालचाल केली की घरातून कुणीतरी धावत येई.

"बाबा, बसा, मी देते पाणी."

"अहो, बसा ना, चष्माच हवाय ना? आणते मी."

"बसा बसा, दार मी उघडते."

मी फिरते आणि फिरताना ते पडतील, या भीतीनं लेकीनं माझ्या पायात एक लोखंडी खिट्टी ठोकून घेतली. तेव्हापासून माझं फिरणं बंद झालं. वस्तादांचंही जवळजवळ झालंच.

वजन कमी करायचं म्हणून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. अंडं सोडलं, डाळ सोडली. "जड पडतं," असं ते म्हणत. चहा आणि चहात बुडवलेलं बिस्कीट, यावर त्यांचं भागू लागलं. आणि काय सांगू, वजनकाट्याचा आकडा खरंच खाली आला! घरात आनंदीआनंद झाला. त्यांचे जुने मित्र टपालकाका, म्हणजे निवृत्त पोस्टमन, दारातूनच ओरडले, "अरे वस्ताद, निम्मा झालास की लेका! नवरदेव दिसतोस!"

सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र काळजी वाटत होती. मित्रांनो, वजनकाट्याला किती ते कळतं, पण काय ते कळत नाही. ते बसणाऱ्या खुर्चीला कळतं. वस्तादांचं पोट होतं तेवढंच होतं. गेल्या होत्या त्या मांड्या. पूर्वी दिवसभर उभ्या राहणाऱ्या त्या दणकट मांड्या माझ्या गादीवर आता कशा पातळ पसरत होत्या. हाडं मला टोचत होती. ते हलके झाले होते, तरी बसताना मात्र धप्पकन आदळत. आणि उठताना माझ्या दोन्ही हातांवर सगळा भार टाकत, एकदा, दोनदा, आणि मग कसेबसे वर येत. सुतारानं घासून आणलेली माझी झळाळी त्या दोन जागी पुसून गेली.

मला जीभ असती तर मी ओरडले असते. पण खुर्चीला करकरण्यापलीकडे काय येतं? मी करकरले. लेकीनं तेल घातलं.

एका सकाळी दारावरची बेल वाजली. घरात कुणी नव्हतं. वस्ताद उठायला गेले, अर्धे उठले, आणि छाती धरून परत माझ्यात कोसळले. आजी भाजी घेऊन आली तेव्हा ते घामानं भिजले होते. त्यांना दवाखान्यात नेलं. त्या दिवशी माझ्या हातांवर त्यांच्या तळव्यांची ओल कितीतरी वेळ राहिली होती.

काही दिवसांनी ते घरी आले. मागोमाग आलेल्या टपालकाकांना लेकीनं सगळं सांगितलं, म्हणून मलाही कळलं.

"काका, डॉक्टरबाई म्हणतात ऑपरेशन करायला हवं. छाती उघडून. नळ्या फार चोंदल्यात. पण म्हणतात, आत्ता नाही करणार."

"का? वय झालं म्हणून?"

"नाही ना! म्हणतात, मी वय नाही बघत, ताकद बघते. बाबांना म्हणाल्या, खुर्चीतून उठून दाखवा. हात न टेकता. बाबांना जमेचना."

"त्याचा आणि छातीचा काय संबंध?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाल्या, छातीचं हाड कापून पुन्हा जोडायचं असतं. ते जुळेपर्यंत हातांवर जोर द्यायचा नाही. मग उठणार कशानं? नुसतं पडून राहिले तर ऑपरेशन यशस्वी आणि माणूस अंथरुणाला, असं व्हायचं."

मग वस्तादच बोलले.

"आणि साखरेचं सांग. ते मला पटलं. बाई म्हणाल्या, वस्ताद, तुम्ही दुकानदार माणूस. खाल्लेल्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे मांड्या. ते गिऱ्हाईकच तुम्ही उपाशी घालवून दिलंत. मग माल रक्तात पडून राहणार नाही तर काय? म्हणाल्या, वजन कमी झालं खरं, पण अडगळ राहिली घरात आणि खांब तेवढे बाहेर काढलेत."

वजन उतरल्याच्या कौतुकात सगळेच सामील होते.

ताकद आणा, मग ऑपरेशनचं बघू, पण फार उशीरही नको, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं होतं. एक व्यायाम शिकवणारी मुलगी येऊन सगळं दाखवून गेली. पावलं मागे घ्यायची, पुढे झुकायचं, नाक बोटांच्या वर आणायचं आणि उठायचं. सुरुवातीला माझ्या गादीवर दोन उशा ठेवून उंची वाढवायची, मग एकेक उशी काढायची. छातीत दुखलं की लगेच थांबायचं. पानात पुन्हा अंडं आलं, डाळ आली, दही आलं.

वस्ताद रोज प्रयत्न करत. पण दिवसाचा व्यायाम तो केवढा, थोडाच वेळ. उरलेला सगळा दिवस घरातलं प्रेम आपलं काम करतच होतं. ते जरा पुढे झुकले की आतून हाक येई, "बसा, बसा!" आणि ते बसत. एवढी वर्षं त्या शब्दाचा मान राखलेला माणूस, तो शब्द मोडणार कसा?

एकदा टपालकाका आले होते. ठमाबाई माझ्या लोखंडी पायाला धरून उभी राहायला शिकत होती. ती धपकन पडली. लेक लांबूनच म्हणाली, "काही नाही झालं! ऊठ ऊठ, शहाणी माझी बाई ती!" आणि त्याच दमात, "बाबा, तुम्ही बसा हं, बिस्किटाचा डबा मी काढते."

टपालकाकांनी कप खाली ठेवला. "हे भारी आहे हां! हिला दिवसभर ऊठ ऊठ, आणि ह्याला बसा बसा. थोड्या दिवसांत ही चालायला लागेल आणि हा रांगायला!"

"काका, पडले तर?"

"जवळ उभी राहा की! नको कोण म्हणतंय? पण तो शब्द सोडा बाई. जे जे बसतं ते कामातून जातं. घसा बसतो, गाल बसतात, धंदा बसतो..."

"आणि जम बसतो, घडी बसते, ते?" आजीनं फणकाऱ्यानं विचारलं.

"वहिनी, तुमची घडी छान बसलीय. हा तिच्यात चुरगळतोय."

वस्ताद हसले. घरी आल्यापासून इतके मोठ्यानं पहिल्यांदाच हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "आजपासून या घरात तो शब्द बंद. जो म्हणेल त्यानं या खुर्चीतून हात न टेकता उठून दाखवायचं."

पहिली सापडली आजीच. चहाचा कप देता देता तोंडून निघून गेलं. ठरल्याप्रमाणे ती माझ्यात बसली, आणि उठताना तिचे हात आपसूक माझ्या हातांकडे गेले. "अगंबाई," ती हळूच म्हणाली, "मलाही नाही येत की." त्या दिवसापासून दोघं मिळून व्यायाम करू लागली. आधी ते, मग ती. लेक जवळ उभी राही, हात पुढे धरून, पण न लावता. तिला ते फार जड जाई. ओठ दाताखाली धरून ती उभी असे.

पहिली उशी गेली. दुसरी मात्र काही केल्या जाईना. ती काढली की वस्तादांचे हात शेवटच्या क्षणी माझ्यावर टेकत. "हात टेकले बघ मी," असं ते आजीला म्हणत, आणि त्यात गंमत कमी आणि खंत जास्त असे. डॉक्टरबाईंकडे जायची तारीख जवळ येत होती. त्यांनी आणखी थांबता येणार नाही असं कळवलं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, उठा वस्ताद, माझ्यावर रागवून उठा, पण उठा.

आणि एके संध्याकाळी अचानक विहीणबाई आल्या. म्हणजे लेकीच्या सासूबाई. नातीला बघायला, लांबचा प्रवास करून, हातात जड पिशवी. दारात येऊन उभ्या राहिल्या. आजी लगबगीनं पुढे झाली, "या या," म्हणाली, आणि पुढचा शब्द तिच्या तोंडात अडकला. तिनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं ओठ मिटले. नुकतीच त्या शब्दाची शिक्षा भोगून दोघी घामाघूम झाल्या होत्या, पुन्हा ती कोण भोगणार?

विहीणबाई उभ्याच.

"टेका ना," आजी कशीबशी म्हणाली.

"टेकू? मी काय पोतं आहे?" विहीणबाईंचा चेहरा बदलला. "उभ्या उभ्याच परत पाठवायचा विचार दिसतो आमचा. चुकलंच माझं, कळवून यायला हवं होतं."

बिचाऱ्या लेकीला घाम फुटला. सासूला आता हे सगळं कुठून सांगायला सुरुवात करायची?

आणि मग, मित्रांनो, माझ्या गादीवरचा भार सरकला. पावलं मागे आली. पाठ पुढे झुकली. मी माझ्या हातांवर त्यांच्या तळव्यांची वाट बघत राहिले, आणि तळवे आलेच नाहीत. गादी वर आली. ती दुसरी उशी केव्हाचीच खाली पडलेली होती. घरी आलेली थकलेली बाई उभी आणि आपण खुर्चीत, हे वस्तादांना सहनच झालं नाही. आयुष्यभराची सवय ती! ते सरळ उभे राहिले, जरासे डुलले, सावरले, आणि दोन्ही हात जोडून म्हणाले,

"बसा, विहीणबाई."

खोलीत सगळे त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघत होते. आजीनं तोंडावर पदर घेतला. लेक रडायलाच लागली.

"अगं बाई, मी काय असं वाईट बोलले?" विहीणबाई घाबरून माझ्यात बसल्या. "कुणी सांगेल का मला, झालंय काय?"

झालं होतं ते असं की वस्ताद हात न टेकता उठले होते. डॉक्टरबाईंनाही त्यांनी तसंच उठून दाखवलं, आणि ऑपरेशनची तारीख ठरली.

वस्ताद दवाखान्यात होते ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. आरसा आणि मी, दोघंच खोलीत. ठमाबाई माझा पाय धरून उभी राही आणि रिकाम्या गादीवर थापा मारी. मी तिच्याइतकीच वाट बघत होते.

वस्ताद आले. फार बारीक झालेले, छातीशी एक उशी कवटाळलेली. खोकला आला की ती घट्ट धरायची असते. त्यांना माझ्यात बसवलं. थोडी विश्रांती झाल्यावर त्यांना उठायचं होतं, आणि या खेपेला माझे हात त्यांना खरोखरच मना होते. ते पुढे झुकले. पाय थरथरत होते, ते मला माझ्या लोखंडी पायापर्यंत जाणवत होतं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. आजी समोर होती, लेक बाजूला होती. दोघींचे हात तयार होते. पण कुणी ओढलं नाही, कुणी ओरडलं नाही. सगळ्या थांबल्या. केवढा वेळ तो! मग उशी छातीशी धरून वस्ताद हळूहळू, अगदी हळूहळू, वर आले.

त्यानंतरही सगळं सुरळीत झालं असं नाही. ताकद पुन्हा थोडी गेली होती, ती पुन्हा मिळवावी लागली. गोळ्या आहेत, पथ्य आहे, साखर मोजणं आहे. काही दिवस चांगले जातात, काही नाही जात. पण परवा त्यांनी आजीला माझ्यात बसवलं आणि तिच्या केसांची टोकं सारखी केली. एवढ्या वर्षांत तिचे केस त्यांनी कधी कापले नव्हते. एक हात माझ्या पाठीवर टेकवून, मध्ये मध्ये थांबत, पण उभं राहून.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, उठायला वेळ लावणारं. त्यांना सगळं हातात आणून देऊ नका. त्यांच्या पानात काय पडतं ते बघा. ते बारीक झाले म्हणून टाळ्या वाजवण्याआधी त्यांचे पाय बघा. ते उठत असतील तेव्हा जवळ जा, हात पुढे धरा, आणि थांबा. तो वेळ फार लांब वाटतो. तरी थांबा.

आता संध्याकाळी वस्ताद टपालकाकांबरोबर कोपऱ्यापर्यंत फिरायला जातात. ते गेले की गादी थोडा वेळ ऊबदार राहते, मग गार होते. खोलीत कुणी नसतं. मला अगदी करमत नाही. ते बाहेर किती लांब गेले असतील, कुठल्या दुकानाशी थांबले असतील, धाप लागली असेल का, असं काहीबाही मनात येतं. पण तुम्हाला खरं सांगते, मला करमायला नकोच आहे. माझी गादी रोज अशीच गार होऊ दे.